शंभर टक्क्यांत नसलेल्या मुली

दहावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीच्या तोंडाशी असलेल्या चौकात एक भला मोठा फलक लागतो. शाळेचं नाव, संस्थेच्या अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, पहिल्या पाच मुलांचे पासपोर्ट साइझ फोटो आणि खाली लाल अक्षरांत ‘निकाल १०० टक्के’. मागच्या वर्षी हा फलक लागला तेव्हा मी त्याच्याखाली सुनंदाबरोबर उभी होते. (सुनंदा हे तिचं खरं नाव नाही.) ती पाचवी ते नववी अशी पाच वर्षं याच शाळेत होती. फोटोतल्या पाचांपैकी दोघी तिच्या वर्गातल्या. तिने फोटो नीट पाहिले, एकीच्या आडनावात वेलांटी चुकली आहे हेही मला दाखवलं, आणि म्हणाली, “ताई, मी असते तर नव्याण्णव झाला असता ना?”

मी काही बोलले नाही. काय बोलणार? तो निकाल शंभर व्हावा म्हणूनच तिला बाहेर काढलं होतं, आणि त्या काढण्याच्या कामात माझाही हात होता. तो कसा, ते पुढे सांगते.

मैत्रिणींनो, निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत दरवर्षी एक ठरलेला मथळा असतो, ‘दहावीत यंदाही मुलींचीच बाजी’. २०२४ मध्ये राज्याचा निकाल ९५.८१ टक्के लागला; मुलींचा ९७.२१ आणि मुलग्यांचा ९४.५६. २०२५ मध्ये एकूण ९४.१०; मुली ९६.१४, मुलगे ९२.३१. आकडे खरे आहेत आणि आपण ते आनंदाने वापरतो. आठ मार्चच्या सभेत, शिबिरात, “मुलीला शिकवून काय करायचं” म्हणणाऱ्या सासऱ्या-दिरांच्या तोंडावर फेकायला. मी स्वतः कितीतरी वेळा फेकले आहेत. पण हे टक्के काढताना खाली कोणता आकडा ठेवतात? परीक्षेला बसलेल्या मुलींचा. जिला बसूच दिलं नाही ती या भागाकारात खालीही नाही आणि वरही नाही. शिवाय मथळ्यात येतो तो नियमित विद्यार्थ्यांचा निकाल. खाजगीरीत्या बसणाऱ्यांचा वेगळा मोजतात, तो नेहमीच बराच खाली असतो, आणि त्याचा मथळा कोणी करत नाही. म्हणजे ज्या मुलीला शाळेने नियमितांतून काढून खाजगीत टाकलं, तिच्या नापास होण्याचा डाग शाळेवरही पडत नाही आणि आपल्या त्या लाडक्या मथळ्यावरही पडत नाही.

हे काढण्याचं काम नववीत होतं. नववीच का, ते समजून घेतलं पाहिजे. शिक्षणाचा हक्क आपल्या राज्यघटनेत २००२ च्या दुरुस्तीने आला, त्याचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पण तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, पहिली ते आठवीसाठी. आठवीपर्यंत शाळा कुणाला काढून टाकू शकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवीत आणि आठवीत परीक्षा घेऊन मागे ठेवायची मुभा मिळाली, महाराष्ट्रातही आता त्या परीक्षा होतात; तरीही प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत शाळेतून काढायची मुभा कुणालाच नाही. नववीत पाऊल टाकलं की हे छत्र संपतं. दुसऱ्या बाजूला, बोर्डाचा संबंध येतो तो दहावीत. म्हणजे नववी हे असं एक वर्ष आहे की तिथे कायद्याची नजर उठलेली असते आणि बोर्डाची अजून पोचलेली नसते. पेपर शाळेने काढायचा, शाळेने तपासायचा, निकाल शाळेने लावायचा. पस्तीस गुणांची रेघ तीच, पण ती कुणाच्या पेपरवर किती घट्ट ओढायची हे शाळेच्या हातात.

सुनंदाच्या आईला एप्रिलच्या शेवटी शाळेत बोलावलं. ती चार घरची धुणीभांडी करते. एका घरी खाडा सांगून गेली. मुख्याध्यापक अत्यंत सौजन्याने बोलले, हे तिने मला तीनतीनदा सांगितलं. खुर्ची दिली, चहा विचारला. म्हणाले, मुलीला गणितात २६ आहेत, विज्ञानात ३१. हजेरीही भरत नाही. नापास केलं तर वर्ष जाईल, पुन्हा नववीला बसवायला तुकडीत जागा होईल की नाही सांगता येत नाही. त्यापेक्षा दाखला न्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, मुलगी थेट दहावीला बसेल, वर्ष वाचेल. आणि मग लिपिकाने एक मजकूर सांगितला तो तिने कुणाकडून तरी लिहून घेऊन खाली सही केली. ‘माझी पाल्य हिचा शाळा सोडल्याचा दाखला मी स्वखुशीने मागत आहे.’ ही सही ती आमच्याच साक्षरता वर्गात शिकली होती.

दाखल्यावर शाळा सोडण्याच्या कारणापुढे लिहिलं आहे, ‘पालकांच्या विनंतीवरून’. वर्तणूक, ‘चांगली’. म्हणजे शाळेच्या दप्तरात ती नापास नाही, गळालेली नाही, काढलेली तर नाहीच नाही. ती गेली, आपल्या पायांनी. या वस्तीतल्या त्या वर्षीच्या सहा मुली अशाच गेल्या. मुलगेही गेले, नाही असं नाही. दोघे. त्यांतल्या एकाच्या वडिलांनी नगरसेवकाला मध्ये घालून त्याला परत वर्गात बसवला. मुलीसाठी नगरसेवकापर्यंत जायचं असतं हे आमच्या वस्तीत कुणाला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही सुचलं नाही.

फॉर्म नंबर १७ बद्दल मला काही वाईट म्हणायचं नाही. ती सोय ज्यांची शाळा कधीकाळी सुटली त्यांच्यासाठी आहे. आमच्या बचत गटातल्या दोघींनी, एक अडतीस वर्षांची आणि एक एकेचाळीस वर्षांची, याच फॉर्मवर दहावी केली आणि त्यातली एक आज अंगणवाडीत मदतनीस आहे. अशा बाईला तो फॉर्म म्हणजे मोठा आधार. पण चौदा-पंधरा वर्षांच्या, शाळेत रोज जाणाऱ्या मुलीला वर्गातून उठवून तोच फॉर्म हातात देणं म्हणजे सोयीचा पार उलटा वापर आहे. तिला शिक्षक नाही, वर्ग नाही, फळा नाही. एक शाळा संपर्क केंद्र म्हणून नेमून मिळते, तिथे फॉर्म आणि प्रात्यक्षिकापुरतं जायचं. बाकी घरी अभ्यास.

आता त्या घरी काय होतं ते बघा. दहा बाय बाराची खोली. मुलगी दिवसभर घरात आहे म्हटल्यावर पाण्याची रांग तिची, धाकट्या भावाला बालवाडीत सोडणं-आणणं तिचं, दुपारचं जेवण तिचं, म्हाताऱ्या आजीचं औषध तिचं. आईचा वेळ मोकळा झाला म्हणून आईने पाचवं घर धरलं. घराला महिन्याला हजार-बाराशे रुपये जास्त मिळू लागले, आणि ते एकदा मिळू लागल्यावर सुनंदाचा अभ्यास हा त्या घराला परवडेनासा झाला. यात तिच्या आईला दोष देणाऱ्या बाईने आधी चार घरची भांडी एक महिना घासून बघावीत. शाळेने एक जागा रिकामी केली आणि घराने ती मुलगी लगेच कामाला लावली. बाजाराच्या हिशेबात दोन्हीकडे फायदा. सुनंदा तेवढी त्या हिशेबात नव्हती.

हजेरीचा मुद्दा मुख्याध्यापकांनी दोनदा काढला होता, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम आहे, आणि तो असायलाही हवा. मुलगी वर्गात यावी असं वाटणाऱ्यांनी हजेरीच्या नियमाविरुद्ध बोलायचं कारण नाही. पण गैरहजेरी कशाची होती हे कुणी विचारलं का? आम्ही दोघींनी बसून तिचे नववीचे दिवस आठवले. आईच्या पिशवीच्या ऑपरेशनचे तीन आठवडे. आजी गावी पडली तेव्हाचे सहा दिवस. दर महिन्याला एक किंवा दोन दिवस, कारण मुलींच्या दोन संडासांपैकी एकाला कायम कुलूप आणि दुसऱ्याला आतून कडी नाही; पाळीच्या दिवसांत तिथे कोण जाईल? नळाला पाणी उशिरा आलं आणि शाळेचं फाटक साडेसातला बंद झालं, असे दहाएक दिवस. फाटकाबाहेर उभी राहून परत आली म्हणजे गैरहजर. आणि दोन दिवस असे की आदल्या दिवशी वर्गात फी थकलेल्यांची नावं वाचली होती. ती दोन दिवस पोटात दुखतं म्हणून घरी राहिली.

तिच्याच वर्गातला एक मुलगा कबड्डीच्या संघात होता. सरावाला, सामन्यांना तो कितीतरी दिवस वर्गात नव्हता. ते दिवस हजेरीपटावर हजर धरले. धरावेतच, मुलांनी खेळावं. पण जी मुलगी आईच्या आजारपणात सगळं घर उचलते तिचे दिवस कोणत्या खात्यात टाकायचे हा प्रश्न शाळेला पडत नाही. खरं कारण असेल तर हजेरीतली तूट माफ करण्याची सोय नियमांतच आहे. त्यासाठी शाळेने कागद करायचा असतो. आजारपणाचा डॉक्टरचा दाखला आणला तर तो कागद कदाचित होतो. घरकामाचा दाखला कोण डॉक्टर देणार?

हे काही नवीन नाही. पुण्यात १८८४ मध्ये मुलींचं हायस्कूल, आपली हुजूरपागा, सुरू झालं तेव्हा लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून त्याच्या अभ्यासक्रमावर आणि वेळेवर टीका केली होती. मुलींना दिवसभर शाळेत अडकवलं तर घरकाम कधी शिकणार, शाळेची वेळ थोडकी ठेवा, इंग्रजी विद्येपेक्षा घराला उपयोगी पडेल ते शिकवा, असा त्या टीकेचा रोख होता. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. आज असं छापायची कुणाची हिंमत होणार नाही. आज शाळेची वेळ सगळ्यांना सारखी, नियम सगळ्यांना सारखे, आणि घरकाम मात्र होतं तिथेच. सारख्या नियमाने वेगळं माप कसं पडतं हे आपण वारसा हक्कात, रेशन कार्डात, पोटगीच्या खटल्यात पुष्कळदा पाहिलं आहे. शाळेच्या हजेरीपटात बघायचं आपण विसरलो.

“पण दर्जा राखायला नको का?” हा प्रश्न मला मुख्याध्यापकांनीही विचारला आणि आमच्याच गटातल्या, निवृत्त शिक्षिका असलेल्या एका जाणत्या बाईंनीही. तेव्हा दर्जाबद्दल. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो एकदम ७७.१० वर आला, २०२० मध्ये ९५.३० वर गेला. मुलं एका वर्षात ढ आणि दुसऱ्या वर्षात हुशार झाली का? २०१९ ला नवा अभ्यासक्रम होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले वीस गुण काढून घेतले होते. पुढच्या वर्षी ते परत दिले. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही, नववीचे आणि दहावीचे शाळेतले गुण जोडून निकाल लावला, तो लागला ९९.९५ टक्के. तेव्हा दर्जा म्हणजे काही हिमालय नव्हे. गुण कुणाच्या हातात ठेवायचे हे सरकार आणि बोर्ड ठरवतं आणि त्याप्रमाणे लाखो मुलं पास किंवा नापास होतात. एवढी हलती गोष्ट मुलीला हाकलताना तेवढी दगडासारखी घट्ट कशी होते?

आणि सुनंदाचंच सांगायचं तर, शाळेने जिला विज्ञानात ३१ दिले होते ती बोर्डाच्या परीक्षेत, वर्ग नसताना, पाण्याच्या रांगेत पुस्तक धरून, विज्ञानात पास झाली. गणितात राहिली. गणिताला तिला कुणीतरी फळ्यावर शिकवायला हवं होतं. त्यासाठीच शाळा असते अशी माझी समजूत होती.

गणिताची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक. १९६० च्या दशकात हंसा मेहता समितीने मुलामुलींना वेगळा अभ्यासक्रम नको असं स्पष्ट सांगितलं, कोठारी आयोगानेही ते उचलून धरलं. तरी पुढे कितीतरी वर्षं ‘मुलींना गणित झेपत नाही’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर फिरत राहिलं. २०२४ मध्ये राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात असा विचार पुढे आला की गणित-विज्ञानात पस्तीसच्या खाली पण वीसच्या वर गुण असले तरी मुलाला पुढे जाऊ द्यावं, मात्र गुणपत्रिकेवर तसा शेरा मारावा आणि पुढे त्या विषयांची वाट बंद. वरवर पाहता सवलत आहे, आणि नापास होऊन घरी बसण्यापेक्षा बरी. पण तो शेरा कुणाच्या गुणपत्रिकांवर साचेल याचा विचार आपल्या गटांनी आताच करायला हवा. ज्यांना क्लास लावायचे पैसे घरातून मिळत नाहीत त्यांच्याच. भाऊ आणि बहीण दोघं असले तर क्लास कुणाला लागतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

पैशांची बाजू थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना फुकट मिळतात. त्या आठवीपर्यंत. नववीत त्याच बाकावर बसायला पूर्ण फी. आठ वर्षं इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलीला नववीत कुठे नेणार? आमच्याकडे रिक्षा चालवणाऱ्या एका घरात जुळी भावंडं होती, एक मुलगा, एक मुलगी, दोघंही अशाच जागेवर. आठवी झाल्यावर वडिलांनी एकाचीच फी भरली. कुणाची, ते लिहीत नाही. फी थकली म्हणून दहावीचं हॉल तिकीट अडवायचं नाही हे बोर्डाने शाळांना पुन्हा पुन्हा बजावलेलं आहे. तरी फेब्रुवारीत आमच्याकडे दरवर्षी तीन-चार आया रडत येतातच.

आता शाळेतल्या बायांबद्दल, कारण हा लेख वाचून त्या आपल्या विरोधात जाव्यात असं मला वाटत नाही. सुनंदाच्या गणिताच्या बाईंना मी शाळेबाहेर भेटले. त्या बसस्टॉपवर उभ्या होत्या, हातात तपासायच्या पेपरांची पिशवी. त्या विनाअनुदानित तुकडीवर आहेत. सहीच्या पगारात आणि हातात पडणाऱ्या पगारात अंतर आहे. म्हणाल्या, “मॅडम, मला काय ती पोरगी नकोशी होती का? एप्रिलमध्ये प्रत्येकीला विषयाचा निकाल विचारतात. माझ्या विषयात तीन लाल झाले तर पुढच्या वर्षी मी नाही.” म्हणजे संस्थाचालकांच्या फलकासाठी एक बाई आपली नोकरी वाचवायला एका मुलीला लाल शाई लावते. दोघींच्याही हातात काही नाही. फलकावर फोटो मात्र अध्यक्षांचा. शिक्षक संघटनांशी आपण याबद्दल कधी बोललो नाही. बोलायला हवं, कारण निकालाच्या टक्केवारीचा चाबूक त्यांच्याही पाठीवर आहे.

खेड्यातलं चित्र मात्र उलटं आहे, आणि शहरातल्या गटांनी ते लक्षात घ्यावं. तिथे विद्यार्थीसंख्येवर शिक्षकांची पदं टिकतात. संचमान्यतेत संख्या कमी पडली की शिक्षक अतिरिक्त. त्यामुळे तिथे मुलीला काढत नाहीत. तिचं नाव पटावर जपून ठेवतात आणि मुलगी वर्गात आहे की नाही ते बघत नाहीत. एम.एस.डब्ल्यू.च्या फील्डवर्कला मी मराठवाड्यात होते तेव्हा दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या मुलींची नावं हजेरीपटावर हजर लागलेली मी पाहिली आहेत. मुलगी कारखान्यावर कोपीत भाकरी थापते आहे आणि इथे तिच्या नावापुढे ‘ह’. नववी-दहावीच्या मुलींना मागे ठेवायचं तर कुठे ठेवायचं, कुणाच्या भरवशावर, हा आईबापांचा प्रश्न खरा असतो. हंगामी वसतिगृहं कागदावर असतात आणि काही ठिकाणी चांगली चालतातही. पण तरण्याताठ्या मुलीला वसतिगृहात ठेवण्यापेक्षा उजवून टाकलेली बरी, असं म्हणणारं गाव मी पाहिलं आहे. शहरात नाव नाही आणि मुलगी आहे, खेड्यात नाव आहे आणि मुलगी नाही. दोन्हीकडे कागद स्वच्छ.

उजवून टाकण्यावरून आठवलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आपण बालविवाह थांबवायला धावतो, ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून जागं करतो, मांडवात पोलीस नेतो. पण मुलगी शाळेत असते तोवर दर दिवशी कुणीतरी तिचं नाव पुकारतं. ती चार दिवस दिसली नाही तर निदान विचारणारी एक बाई असते. दाखला हातात पडला की ती कुणाच्याच यादीत नसते. आमच्या वस्तीतल्या त्या सहांपैकी एकीचं लग्न पुढच्याच मे महिन्यात गावाकडे झालं. आम्हाला कळलं तेव्हा ती सासरी गेलेली होती. तिच्या दाखल्यावरही ‘पालकांच्या विनंतीवरून’ आहे.

आता माझा हात कसा, ते. सुनंदाची आई शाळेतून थेट माझ्याकडे आली होती. “ताई, सरांनी सांगितलंय सतरा नंबर भरा, तुम्ही भरून द्या.” आणि मी भरून दिला. मुलींना मदत करतोय या समाधानात भरला. आमच्या केंद्रात संध्याकाळी सतरा नंबरवाल्यांचा वर्ग चालतो. देणगीदारांच्या अहवालात त्याचा एक परिच्छेद असतो, मुलींचा गटफोटो असतो, त्यात सुनंदाही आहे. वर्ग मी सुरू केला तेव्हा निम्म्याहून जास्त मोठ्या बायका होत्या. हळूहळू चौदा-पंधरा वर्षांच्या मुली वाढत गेल्या, आणि मी दरवर्षी अहवालात ‘प्रतिसाद वाढत आहे’ असं लिहीत गेले. कुठून वाढतोय हे विचारलं नाही. एकदा तर त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी आमच्या कामाचं कौतुक करणारं पत्र दिलं, ते मी फाइलला लावलं. शाळेने मुली खाली सोडायच्या आणि आम्ही खाली चादर धरून उभं राहायचं, अशी ही कामाची वाटणी. चादर धरणारं कुणी नसतं तर वरून सोडणं इतकं सोपं गेलं असतं का?

वर्ग बंद करा असं मी म्हणत नाही. ज्या मुली आल्या आहेत त्यांना परत कुठे पाठवणार? पण यंदापासून आम्ही एक केलं आहे. अठरा वर्षांखालची मुलगी दाखला घेऊन आली की फॉर्म भरण्याआधी तिच्या आईबरोबर शाळेत जायचं आणि चार गोष्टी लेखी मागायच्या. नववीचा निकाल आणि तपासलेले पेपर बघायला द्या. पुन्हा नववीत बसवून घेणार की नाही ते लिहून द्या. हजेरीची तूट माफ करायचा कागद केला का ते सांगा. आणि ‘स्वखुशीने’ हा शब्द ज्या अर्जात आहे तो कुणी सांगून लिहवला ते सांगा. एप्रिलपासून आजवर तीन मुलींसाठी गेलो. दोघींना शाळेने परत घेतलं. तोंड वाकडं करून, पण घेतलं. तिसरीच्या वेळी मला कचेरीबाहेर दीड तास बसवून ठेवलं आणि मग सर मीटिंगला गेले आहेत असं सांगितलं.

दुसरी मागणी मोठी आहे आणि ती एका वस्तीने होणारी नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेने दहावीच्या निकालाबरोबर एवढं जाहीर करावं: दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुली आणि किती मुलगे होते, नववीतून किती दाखले दिले, त्यांत मुली किती, आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिलं. बोर्डाने शाळेचा निकाल काढताना हा आकडा शेजारी छापावा. फलकावर ‘१०० टक्के’ लिहायचं असेल तर त्याच आकाराच्या अक्षरांत ‘आठवीत इतक्या, दहावीत इतक्या’ हेही लिहावं. यासाठी नवा कायदा लागत नाही. सगळी माहिती शाळेच्या जनरल रजिस्टरात आहे.

बोर्ड हे आपणहून करेपर्यंत आपण माहिती मागू शकतो. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाहीत. अनुदानित शाळेकडे थेट अर्ज करा. विनाअनुदानित शाळा टाळाटाळ करेल, तेव्हा तिच्याबद्दलचा अर्ज जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे. मुलींची नावं मागू नका, त्यांना त्रास होईल. फक्त संख्या मागा, मुली आणि मुलगे वेगळे, गेल्या पाच वर्षांच्या. उत्तराची मुदत तीस दिवस.

आम्ही आमच्या भागातल्या चार शाळांचे अर्ज जूनच्या शेवटच्या आठवड्यात दिले. एका अर्जावर सुनंदाच्या आईची सही आहे. या वेळी मजकूर तिने स्वतः सांगितला आणि सुनंदाने लिहिला. शुद्धलेखन तपासायला मला दिला होता, चूक सापडली नाही. दोन शाळांची उत्तरं आली आहेत, एकीने ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं कळवलं, दुसरीने आकडे दिले आणि ते बघून आमच्या केंद्रात बराच वेळ कुणी बोललं नाही. उरलेल्या दोन शाळांवर पहिलं अपील करायचं आहे. ज्या गटांनी आपल्या गावात असे अर्ज दिले असतील किंवा द्यायचे असतील त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावं. दिवाळीनंतर सगळ्यांचे आकडे एकत्र मांडू, म्हणजे फेब्रुवारीच्या परीक्षेआधी बोर्डाच्या विभागीय कचेरीत न्यायला हातात काहीतरी असेल. सुनंदा त्याच परीक्षेला पुन्हा गणिताला बसते आहे.